पायऱ्यांच्या पोटात काय भरले आहे, ते पाणी भरण्याआधी पाहा

मत्स्यटाकीत पायऱ्यापायऱ्यांची मांडणी दुसऱ्याकडून करून घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी पूर्ण पैसे चुकते करण्याआधी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी तो सविस्तर लिहीत आहे.

माझी टाकी ९० सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर रुंद आहे. तीत पुढे ४, मध्ये १० आणि मागे १८ सेंटीमीटर उंचीच्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटर रुंद अशा तीन पायऱ्या करायच्या होत्या. हिशेब केला तर एकूण भराव सुमारे ४३ लिटर होतो. तळाशी जाळीच्या पिशव्यांत १६ लिटर लाव्हा रॉक, म्हणजे ज्वालामुखीचा दगड, आणि त्यावर ९ लिटरच्या तीन पिशव्या पाणवनस्पतींची माती, म्हणजे अ‍ॅक्वासॉइल, असे काम करणाऱ्या गृहस्थांशी ठरले होते आणि बिलातही तसेच लिहिलेले होते. प्रत्यक्षात सामान आले ते उघड्या बादल्यांतून. ‘माती धुऊन आणली आहे, म्हणजे पाणी गढूळ होणार नाही,’ असे त्यांनी सांगितले. अ‍ॅक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे. ते धुतले तर फुटून त्यांचा चिखल होतो, म्हणून ती कधी धुवायची नसते. हे मला ठाऊक असूनही मी तेव्हा बोललो नाही, याची खंत अजून वाटते. बाजूच्या काचांना खालून वीस सेंटीमीटरपर्यंत काळी फिल्म त्यांनी आधीच चिकटवून टाकली होती. थर दिसले की शोभा जाते, हे त्यांनी दिलेले कारण मला तेव्हा पटले.

पहिल्या आठवड्यात क्रिप्टोकोरीनची पाने वितळू लागली. जागा बदलली की ही वनस्पती पाने टाकतेच, असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नव्हते; प्रत्येक तक्रारीवर असे एखादे अर्धसत्य त्यांच्याकडे तयार असे. मात्र तिसऱ्या आठवड्यात मी पाणी तपासले तेव्हा नळाच्या पाण्याचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचे प्रमाण) ४ असताना टाकीतला ११ भरला आणि सकाळी, वनस्पतींसाठी सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड बंद असताना, पीएच ८ च्या आसपास होता. चांगली अ‍ॅक्वासॉइल पाण्यातला कार्बोनेट शोषून केएच आणि पीएच खाली आणते. इथे नेमके उलटे घडत होते. तरीही ‘पाणी तपासायचे किट जुने असेल’ या त्यांच्या शब्दावर विसंबून, पाण्यातला अमोनिया न मोजताच मी दहा निऑन टेट्रा मासे सोडले आणि तीन दिवसांत त्यांतले सहा गेले. नव्या मातीतून सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सुटतो, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की त्यातल्या विषारी भागाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. उरलेले चार मासे मी त्याच दिवशी दुसऱ्या टाकीत हलवले.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मागची पायरी उकललेली दिसली. दर्शनी चपटे दगड पुढे कलले होते, माती मधल्या पायरीवर घसरली होती आणि पाण्यावर विटेएवढा पांढराशुभ्र थर्माकोलचा ठोकळा तरंगत होता. एक लिटर आकाराचा थर्माकोल पाण्यात जवळजवळ एक किलोचा भार वर ढकलतो, शिवाय पाण्यात बुडालेल्या दगडाचे वजन एक तृतीयांशाहून अधिक घटते. नुसत्या वरच्या ओझ्याने दाबून ठेवलेला ठोकळा आज ना उद्या सुटणारच होता. टाकी रिकामी केल्यावर खाली एकही जाळीची पिशवी निघाली नाही. निघाले ते थर्माकोलचे आणखी तीन ठोकळे आणि काळ्या रंगात बुडवलेल्या संगमरवराच्या चिपा. त्यांतली एक फोडून ताज्या पांढऱ्या कडेवर व्हिनेगरचे थेंब टाकले, तर बारीक बुडबुडे फसफसत वर आले. म्हणजे केएच वाढवणारा चुना तळाशीच विरघळत होता. खरा लाव्हा रॉक खडबडीत, सच्छिद्र आणि हाताला हलका लागतो, शिवाय व्हिनेगरने फसफसत नाही. अ‍ॅक्वासॉइलचा थर सगळीकडे जेमतेम दोन सेंटीमीटर होता, म्हणजे सुमारे आठ लिटर. बिलातल्या तीन पिशव्यांपैकी एकही पुरती आलेली नव्हती.

फोटो पाठवल्यावर त्या गृहस्थांनी फोन घेणे बंद केले. माझ्याकडे सीलबंद पिशव्यांचा एकही फोटो नव्हता आणि पैसे मी पहिल्याच दिवशी पूर्ण दिले होते. काम दुसऱ्याला द्यायचे असेल, तर पिशव्या आपल्यासमोर उघडायला सांगाव्यात, प्रत्येक दगडाची व्हिनेगरने परीक्षा घ्यावी, कोरड्या टाकीत प्रत्येक थर पट्टीने मोजून त्याचा फोटो काढावा आणि निम्मी रक्कम पाणी भरून महिना होईपर्यंत हातात ठेवावी. यातल्या कशालाही प्रामाणिक कारागिराची हरकत असायचे कारण नाही.

दुसऱ्यांदा मांडणी मी स्वतः केली. पायऱ्यांना आधार म्हणून तळाला काचेच्या पट्ट्या सिलिकॉनने चिकटवल्या, ते पुरते सुकू दिले, मागे लाव्हा रॉकच्या पिशव्या रचल्या आणि वर माती पसरली. मासे परत आणले ते अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही विषारी घटक शून्यावर आल्यानंतरच. बाजूच्या काचांवरची काळी फिल्म मात्र काढून टाकली आहे. आता दोन्ही थर बाहेरून सरळ दिसतात.