संध्याकाळचा उजेड बदलून नऊ महिने झाले

ठाण्यातील आमच्या घरात गेल्या जानेवारीपर्यंत सगळ्या खोल्यांत ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश होता (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेच्या सुमारास सीएफएल गेले, एलईडी आले, आणि पांढराशुभ्र उजेड म्हणजेच चांगला उजेड ही समजूत पक्की झाली. बदलाचे निमित्त सासूबाईंचे. त्यांचे वय ७८ आहे. रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते, आणि एकदा बाथरूमचा दिवा लावला की पुढे तास-दीड तास झोप येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मलाही हिशेबाचे काम घरून करत असल्यामुळे रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइटखाली बसायची सवय होती.

पहिली चूक मी लगेच केली. हॉलच्या फॉल्स सीलिंगमधील नऊ-नऊ वॅटचे चारही दिवे काढून तितक्याच वॅटचे २७०० केल्विनचे पिवळसर दिवे बसवले आणि काम झाले असे समजले. खोली उबदार दिसू लागली, पाहुण्यांनी कौतुक केले. झोपेत मात्र तीन आठवड्यांत कोणालाही काडीचा फरक जाणवला नाही. तेव्हा एक साधा लक्समीटर, म्हणजे उजेड किती पडतो ते लक्स या एककात मोजणारे यंत्र, विकत घेतला आणि सोफ्यावर बसून, तो डोळ्यांच्या उंचीवर समोरच्या भिंतीकडे तोंड करून धरला. टेबलावर आडवा ठेवून घेतलेले माप येथे उपयोगाचे नसते, कारण प्रश्न डोळ्यांत किती प्रकाश शिरतो हा आहे.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीतील मूळ चिप निळीच असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावरील फॉस्फरचा थर त्या निळ्याचा काही भाग पिवळ्या-लाल रंगांत बदलतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसते. पिवळसर एलईडीतही चिप तीच, फक्त फॉस्फरचे काम जास्त. म्हणून त्यात निळा प्रकाश कमी असतो, शून्य नसतो. दुसरीकडे, दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज मेलॅनोप्सिन असलेल्या आणखी काही पेशी असतात, ज्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. त्यांची संवेदनशीलता ४८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि दिवस आहे की रात्र, ही खबर मेंदूतील घड्याळाला मुख्यतः त्याच देतात. २०२२ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून घरगुती वापरालाही लागू पडतील असे आकडे सुचवले: दिवसा डोळ्यांपाशी किमान २५० मेलॅनोपिक लक्स (म्हणजे या पेशींना जाणवेल त्या हिशेबाने मोजलेला उजेड), झोपण्याच्या आधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, आणि झोपेत जास्तीत जास्त १.

साध्या मीटरचे लक्स या मापात आणायचे तर दिव्यानुसार गुणक लावावा लागतो. ६५०० केल्विनच्या एलईडीसाठी तो सुमारे ०.९, २७०० साठी ०.४५ आणि २२०० साठी ०.३ च्या आसपास धरता येतो. जुन्या ट्यूबलाइटखाली माझ्या डोळ्यांपाशी १४० लक्स होते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास मेलॅनोपिक लक्स. नव्या पिवळ्या दिव्यांखाली १३० लक्स मिळाले, म्हणजे ५८. रंग बदलून आकडा निम्म्याहून खाली आला खरा, पण मर्यादा दहाची होती! खोक्यावरील केल्विनचा आकडा पाहून दिवे घेणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा. रंगाइतकेच, किंबहुना जरा जास्तच, महत्त्व उजेडाच्या प्रमाणाला आणि दिवा कोठे आहे याला आहे.

यानंतर मी रंग बदलणारे वायफाय बल्ब आणले. त्यांचा अनुभव दोन महिन्यांत संपला. एक तर त्यांची पिवळी मर्यादा २७०० लाच थांबत होती. दुसरे म्हणजे घरातील माणसे भिंतीवरचे बटण दाबणारच. बटण बंद झाले की ॲपमधील वेळापत्रकाला काही अर्थ उरत नाही. आणि कळस म्हणजे मार्चमधील एका रात्री अडीच वाजता गेलेली वीज परत आली तेव्हा सासूबाईंच्या खोलीतील बल्ब पूर्ण पांढऱ्या प्रखर प्रकाशाने आपोआप पेटला. वीज आल्यावर बल्बने कोणत्या स्थितीत यावे याची सोय ॲपमध्ये खोलवर कोठेतरी दडलेली होती, हे नंतर समजले.

शेवटी उपयोगी पडली ती अगदी जुनी पद्धत: प्रत्येक खोलीत दोन वेगळी बटणे, एक दिवसाचे आणि एक संध्याकाळचे. दिवसाच्या बटणावर जुन्या पांढऱ्या ट्यूबलाइट तशाच ठेवल्या. संध्याकाळच्या बटणावर भिंतीवरचे आणि टेबलावरचे, शेडने झाकलेले, २२०० केल्विनचे ४ वॅटचे दिवे घेतले, आणि ते बसलेल्या माणसाच्या नजरेच्या खाली राहतील असे लावले. हे दिवे आट्यांच्या होल्डरचेच मिळाले, आमच्याकडे सगळे पिनचे होल्डर. त्यामुळे ॲडॅप्टर घ्यावे लागले. वायरमन काम संपवताना म्हणाला, "मॅडम, लोक उजेड वाढवायला बोलावतात, तुम्ही कमी करायला बोलावलंत." मजुरीसह साडेअकरा हजार रुपये खर्च आला. सोफ्यावर आता १६ लक्स मिळतात, म्हणजे पाचच्या आत-बाहेर मेलॅनोपिक लक्स.

उजेड कमी-जास्त करणारे डिमर मात्र मी काढून टाकले. साधा डिमर विजेची लाट कापतो, एलईडीला वीज पुरवणाऱ्या स्वस्त ड्रायव्हरला (दिव्यातील सर्किटला) ते झेपत नाही आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्यांना थेट दिसत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की काळे पट्टे सरकताना दिसतात. उजेड कमी हवा असेल तर तीनपैकी एक दिवा बंद करणे हा जास्त भरवशाचा उपाय ठरला.

सासूबाईंच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत हालचाल ओळखून पेटणारे लहान अंबर दिवे लावले आहेत. त्यांना ते पूर्वीच्या झिरोच्या बल्बसारखे वाटतात, आणि तुलना चुकीची नाही. आता त्या परत येऊन बहुतेक वेळा लगेच झोपतात. पण याच खोलीत एक धोकाही लक्षात आला: अंबर प्रकाशात पांढरी आणि फिकट पिवळी गोळी सारखीच दिसते. एका रात्री त्यांनी रक्तदाबाची गोळी समजून दुसरीच हातात घेतली होती. तेव्हापासून औषधांच्या डब्याशेजारी पांढऱ्या प्रकाशाची छोटी विजेरी ठेवली आहे आणि रात्रीच्या गोळ्या संध्याकाळीच वेगळ्या काढून ठेवतो. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळे पडते, त्यामुळे वृद्धांना दिवसा उलट अधिक उजेड लागतो. घर सरसकट मंद करणे त्यांच्यासाठी योग्य नाही.

दिवसाची बाजू मी सर्वांत उशिरा पाहिली. आतल्या खोलीतील माझ्या टेबलापाशी दिवे लावूनही डोळ्यांपाशी १०० मेलॅनोपिक लक्सच्या पुढे जात नव्हते. टेबल खिडकीशी हलवल्यावर एप्रिलमध्ये ९०० लक्स मिळाले, आणि दिवसाच्या नैसर्गिक प्रकाशाचा गुणक साधारण १ असल्याने तेवढेच मेलॅनोपिक. जुलैच्या पावसात हा आकडा ३५० वर आला, काही दिवशी १८० पर्यंत घसरला. तेव्हा टेबलासमोरच्या भिंतीवर तीच बदनाम ६५०० केल्विनची ट्यूबलाइट सकाळभर लावते. माझ्यापुरते बोलायचे तर रात्री साडेदहाला पेंग येऊ लागली ती टेबल हलवल्यानंतर. अर्थात त्याच काळात जेवणाची वेळही अलीकडे आणली होती, त्यामुळे सगळे श्रेय दिव्यांना देणार नाही.

मुलाने देवघरातील निळ्या दिव्यांच्या माळेवर आणि राउटरच्या निळ्या ठिपक्यावर आक्षेप घेतला होता. दोन्हींचे माप पलंगापाशी घेतले. मीटरने शून्यच दाखवले. माळ तशीच आहे.

स्वयंपाकघर अजून जमलेले नाही. २२०० केल्विनमध्ये भाजी शिजली की करपली हे कळत नाही, हळद आणि तेल एकाच रंगाचे दिसतात, आणि साडेनऊला ओटा आवरताना पांढरी ट्यूबलाइट लावावीच लागते. तेथे उभे राहून घेतलेले माप ९० मेलॅनोपिक लक्स आहे. ओट्यावरच्या कपाटांखाली, फक्त ओट्यावर उजेड पडेल अशी ३००० केल्विनची पट्टी लावायचे ठरवले आहे. वायरमनने दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.