इन्स्टॅक्स मिनी १२: बाजारातल्या चेहऱ्यांसाठी कितपत चालतो?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फोटो काढून तिथल्या तिथे हातात द्यायचा असेल, तर २०२३ साली आलेला फुजीफिल्मचा हा कॅमेरा घ्यायला हरकत नाही. खर्च कॅमेऱ्याचा नसतो, फिल्मचा असतो. एका पॅकमध्ये १० फोटो, आणि चुकलेलाही मोजला जातो.

चित्र ६२ × ४६ मिमी. एक मीटरवरून माणूस कमरेपर्यंत येतो, पण चेहरा जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा. अर्ध्या मीटरवरून तो दुप्पट होतो. हेच अंतर बरे. लेन्स क्लोज-अपवर फिरवायला विसरू नका. बघायची खिडकी लेन्सच्या बाजूला असल्याने एरवी जवळचा चेहरा चौकटीत सरकतो. या मोडमध्ये तो फरक भरून निघतो. मात्र ३० सेंटिमीटरपर्यंत घुसलात तर नाक फुगते आणि मासे विकणारी बाई फोटो तुम्हालाच परत देते.

फ्लॅश दर वेळी उडतो, बंद करता येत नाही. घामट कपाळ पांढरेफटक पडते, म्हणून आधी टॉवेलने पुसू द्या. निळ्या ताडपत्रीखाली चेहऱ्यावर निळी झाक येते. दोन पावले कडेला, उघड्या सावलीत बोलवा. अंधाऱ्या गाळ्यात शटर अर्ध्या सेकंदापर्यंत रेंगाळते, तेव्हा कोपरे बरगड्यांना टेकवा.

खरी गंमत लेन्सशेजारच्या इवल्याशा आरशाची. तो सेल्फीसाठी दिलेला, पण समोरच्या माणसाला वापरू द्यावा. आबोलीची फाती (गजरा) नीट करता करता नजर आपोआप लेन्सजवळ येते. तरीही फोटो पाहून “हांव अशी दिसतां?” हे ऐकावे लागतेच. आरशात रोज दिसणारा भांग फोटोत दुसऱ्या बाजूला जातो, चमकीही. चेहरा अनोळखी वाटतो तो त्यामुळे. दोन फोटो काढा: एक त्यांच्या आवडीचा, दुसरा तुमच्या. निगेटिव्ह नसल्याने पहिला दिलात की गेला.

फोटो उमटायला साधारण दीड मिनिट लागते. हलवू नका, उन्हात धरू नका. ४० अंशांच्या वर रंग बिघडतात, त्यामुळे पार्क केलेल्या गाडीत फिल्म ठेवणे नकोच. फ्रीजमधला पॅक बाहेर काढल्यावर तासभर बंदच राहू द्या. आपल्या पावसाळ्यात लगेच उघडलात तर आत दव धरते.