मुंबई–लंडन: सहा फेऱ्यांनंतर

कामानिमित्त गेल्या आठ महिन्यांत सहा वेळा लंडनला जाऊन आलो. राहतो पुण्यात, कोथरूडला. विमानाला किती तास लागतात हे काढायला पहिल्या वेळी मी नेटवर अंतर पाहिलं होतं: मुंबई ते लंडन, हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी. विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे आठ तास, असा हिशेब करून मोकळा झालो. आठ तासांत एकदाही पोचलो नाही.

का, ते पोराच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला तेव्हा कळलं. मुंबईहून निघालेला दोरा बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन असा जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना वाट बंद केली. म्हणजे ते ७,२०० किमी दोऱ्याचे, विमानाचे नव्हेत.

त्यात वारा. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. मला जाताना साडेनऊ ते दहा तास लागले, येताना नऊच्या आसपास. एकदा परतताना समोरच्या पडद्यावर वेग ताशी हजाराच्या वर दिसला, तेव्हा शेजारच्या काकांना उठवून दाखवला. त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही.

आईने माझं तिकीट वाचलं आणि म्हणाली, "अरे, जायला पाच तास आणि यायला साडेतेरा? परत येताना कुठे थांबतं का रे?" तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. तिला हे समजावायला मला विमानापेक्षा जास्त वेळ लागला.

तिसऱ्या फेरीला स्वस्त पडतं म्हणून दुबईमार्गे गेलो. गंमत म्हणजे दोन्ही टप्प्यांची बेरीज ७,४०० किमीच्या थोडी वर, म्हणजे थेटपेक्षा दोन-सव्वादोनशे किमीच जास्त. पण माझं मुंबईचं विमान उशिरा सुटलं, पुढचं हुकलं आणि सात तास खुर्चीत काढले. जेवणाचं कूपन मिळालं ते बंद काउंटरचं. तिकिटात वाचलेले पैसे तिथल्या कॉफीत गेले. एकटे असाल, घाई नसेल, तर जा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन नको.

पण खरा वेळ खाते ती जमीन. कोथरूड ते मुंबई विमानतळ एरवी साडेतीन-चार तास. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता, तेव्हा साडेपाच लागले. त्यापुढे विमानतळावरचे तीन तास. एकदा तिथे लोणच्याच्या बरणीमुळे बॅग दीड किलोने जड निघाली आणि मी काउंटरसमोर बॅग उघडून भाजणी हातातल्या पिशवीत कोंबत बसलो. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग एलिझाबेथ लाइन या तिथल्या रेल्वेने शहरातलं पॅडिंग्टन स्टेशन, अर्धा तास. ही गाडी मात्र झकास. घरच्या दारापासून तिथल्या खोलीच्या दारापर्यंत १९-२० तास धरा. त्यातले निम्मेच हवेत.

सातवी फेरी पुढच्या महिन्यात आहे. या वेळी आदल्या रात्रीच ठाण्याला मावशीकडे मुक्काम टाकतोय.