चांदण्यांचा तक्ता की चांदण्यांची वाट?

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलासोबत खोलीत काही बनवायचं, तर दोन कल्पना हमखास पुढे येतात: कोरड्या रात्रीला चांदणी चिकटवायचा तक्ता, नाहीतर पलंगापासून बाथरूमपर्यंत अंधारात चमकणाऱ्या रेडियम चांदण्यांची वाट.

तक्ता कार्डपेपरचा, तासाभरात तयार. पण गाढ झोपेत शू होणं मुलाच्या हातात नसतं. कधी रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक कमी पडतं, कधी भरलेल्या मूत्राशयाचा इशारा झोप मोडत नाही. मग रिकामा चौकोन म्हणजे भिंतीवर टांगलेली शिक्षाच, तीही पाहुण्यांना दिसेल अशी. करायचाच तर चांदणी द्यावी झोपण्याआधी शू करून आल्याबद्दल, दिवसा नीट पाणी प्यायल्याबद्दल, ओली चादर बादलीत टाकायला मदत केल्याबद्दल.

मला वाट जास्त पटते. मूल स्वतः चांदण्या कापतं, चिकटवतं, दिवा घालवून पुन्हा पुन्हा बघतं. अंधाराच्या भीतीने अंथरुणातच रोखून धरणाऱ्याला तिचा खरा उपयोग. ज्याला जागच येत नाही त्याला फारसा नाही.

सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, जळजळ, खूप तहान किंवा बद्धकोष्ठता असली, तर कात्री-गोंद बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.