लेचवर्थ स्टेट पार्क: एका फेरीत भागत नाही

न्यूयॉर्क राज्यातलं हे पार्क आम्ही आता चारही सीझनमध्ये बघून झालंय, आणि खरं सांगू का, दर वेळी वेगळंच वाटतं. जेनेसी नदीने खोल दरी कोरलीय, पार्क साधारण 17 मैल लांब, त्यात तीन मोठे धबधबे, मधला 107 फुटांचा, तोच सगळ्यात भारी. सगळे ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला धावतात, रंग असतात सुंदरच पण गर्दी पण तेवढीच, वीकडेला जमलं तर बघा. माझं मत विचाराल तर एप्रिल, बर्फ वितळून नदी फुगलेली असते आणि तुषार थेट अंगावर येतात (मी कापडी शूज घालून गेले होते, चूक माझीच). उन्हाळ्यात राफ्टिंग, कॅम्पिंग वगैरे आहेच. थंडीत पार्कमधल्या ग्लेन आयरिस इन या हॉटेलसमोरचं कारंजं गोठून बर्फाचा डोंगर होतो, मुलं वेडी झाली होती ते बघून. तेव्हा पार्कमधला काही रस्ता बंद असतो, आधी चेक करून निघा. पाच स्टार, डोळे झाकून.