डी नदीवर सॅमनचा एक दिवस: गिलीला पैकीच्या पैकी, वेडरला भोपळा

आधी पैशांचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. एप्रिलमधल्या शनिवारी एका रॉडचं दिवसाचं तिकीट १२० पौंड, भाड्याचा रॉड आणि वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची विजार, ४० पौंड, निघताना गिलीच्या, म्हणजे नदीवर मासेमारी दाखवणाऱ्या माणसाच्या, हातावर ठेवले २०. एकूण १८०. घरी आणलेले मासे शून्य, आणि ते शून्य निघायच्या आधीच ठरलेलं होतं, कारण स्कॉटलंडमधल्या डी नदीवर पकडलेला सॅमन परत सोडायचा असतो. आईला फोनवर हे सांगितलं तर ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "एवढ्यात रावस किती आला असता, हिशेब केलास?"

मी मूळची चिपळूणची, अकरा वर्षं ॲबर्डीनला आहे. बाबांबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचे, तेव्हा सामान म्हणजे बांबूची काठी, गरी आणि करवंटीत गांडुळं. तिकीट नव्हतं, मगरीवर लक्ष ठेवायचं एवढंच. त्यामुळे नदीच्या तुकड्यासाठी पैसे मोजायचे हे पचायलाच मला इतकी वर्षं लागली.

इथे त्या तुकड्याला बीट म्हणतात, फॉरेस्टवाल्यांचं असतं तसंच. स्कॉटलंडमध्ये सॅमन धरायचा हक्क ही स्वतंत्र मिळकत आहे. काठची जमीन एकाची आणि सॅमनचा हक्क दुसऱ्याचा असंही असतं. सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकाना आठवा. इंग्लंडमध्ये गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, तसा इथे लागत नाही, पण हक्कदाराच्या परवानगीशिवाय सॅमनला गळ टाकणं हा गुन्हा. रविवारी तर कायद्यानंच बंद. डीचा हंगाम १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर, आणि नाव आहे ते वसंतातल्या माशांसाठी. माझं बीट बँकरी आणि अबॉइनच्या मधलं होतं. नाव लिहीत नाही, कारण पुढे वेडरबद्दल बोलायचंय आणि त्यात बीटवाल्यांचा दोष किती, भाड्यानं सामान देणाऱ्याचा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

तर वेडर. छातीपर्यंत येणारी ती जलरोधक विजार. बुकिंग करताना उंची, वजन, बुटाचा नंबर सगळं भरून घेतलं होतं. मिळालं ते सहा फुटी बाप्याचं. आत मी अशी, की दुसऱ्या कुणाला सोबत घेता आलं असतं. गिली आला आणि इथल्या बोलीत म्हणाला, "फिट लाइक?" म्हणजे कशी आहेस. पहिल्या वर्षी मला वाटायचं, हे लोक कपडे बसतात का विचारतायत. या वेळी तेच उत्तर दिलं: "अजिबात नाही." तो हसला, पण पर्याय काही नव्हता. दहा मिनिटांत डाव्या गुडघ्याजवळ थंड टाचणी टोचल्यासारखं झालं, शिवणीतून पाणी आत. नदीत टांगलेला थर्मामीटर सहा अंश दाखवत होता. पुढचे सात तास तो पाय माझा नव्हता. तक्रार केली तर उत्तर आलं, पुढच्या बुकिंगवर दहा पौंड सूट. पुढचं बुकिंग! सामानाला शून्य, आणि त्यात दया दाखवलेली नाही.

आता गिली. हा बीटवरचा माणूस, नऊ ते पाच, चार रॉडांमध्ये एक. वय साठीच्या पुढे. मला दिवसभर 'क्वाइन' म्हणत होता, म्हणजे पोरी. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणी पोरी म्हणत असेल तर तक्रार कसली करायची. काठावरची पट्टी बघून पाणी किती, डोंगरावरचा बर्फ वितळतोय का (बर्फाच्या पाण्याला ते 'स्नो ब्रू' म्हणतात आणि नाक मुरडतात), हे पाहून त्यानं माझ्या डबीतल्या सगळ्या माश्या (गळावर केस-पिसं बांधून केलेले नकली किडे) बाजूला सारल्या आणि आपल्या खिशातली विली गन नावाची माशी बांधली. पितळी नळीवर काळे, पिवळे, नारिंगी केस. डीवर आमिष चालत नाही, फक्त अशी बांधलेली माशी. गळाच्या टोकाला उलटा काटा नसतो, म्हणजे सोडताना मासा फाटत नाही.

डबल स्पे ही दोरी फेकायची पद्धत त्यानं मला तासाभरात शिकवली, आणि या तासाचेच १२० पौंड म्हणाल तरी चालेल. पाणी डावीकडून उजवीकडे, वारा पाण्याबरोबर. पंधरा फुटी रॉड दोन्ही हातांत. दोरी आधी उचलून डावीकडे, आपल्या पुढ्यात आडवी टाकायची. मग रॉड उजवीकडे ओढत न्यायचा. कापडवाला मांजरपाट टर्रकन फाडतो तसा आवाज करत दोरी पाण्यावरून सुटते आणि उजव्या खांद्यामागे तिचं पोट सुटतं. तिथे श्वासभर थांबायचं. मी थांबत नव्हते. तो मागे उभा राहून माझा वरचा हात धरून ठेवायचा आणि म्हणायचा, जोर खालच्या हाताचा, वरचा नुसता सोबतीला. चाळिसाव्या की पन्नासाव्या वेळी दोरी समोरच्या काठाकडे सरळ गेली आणि शेवटी माशी अलगद टेकली. तो काही बोलला नाही, पाइप पेटवायला गेला. मग दिवसभर एकच: टाका, माशीला प्रवाहातून वळू द्या, दोन पावलं खाली सरका.

गंमत अशी की हा मासा खातच नाही. समुद्रातून नदीत शिरला की उपास सुरू, तो थेट हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालेपर्यंत. मार्चमध्ये आलेल्याची ती सात-आठ महिन्यांची एकादशी. मग माशीला तोंड का लावतो? गिलीची तीन उत्तरं होती आणि त्यातलं एकही त्याला पटलेलं नव्हतं.

साडेअकराला ओढ लागली. वाशिष्ठीवर बाबांनी शिकवलेलं: ओढ लागली की हिसका. मी दिला. दोरी सैल. गिलीनं डोळे मिटून घेतले. इथे उलटं आहे. हात बांधल्यासारखं उभं राहायचं, माशाला दोरी घेऊन वळू द्यायचं, तो आपलाच आपण अडकतो. पस्तीस वर्षांची सवय एका सकाळी सुटते होय?

जेवण आपलं आपण न्यायचं. झोपडीत लाकडांची शेगडी, किटली, चार खुर्च्या, बास. मी पोळी-भाजी नेली होती आणि पाय शेगडीपाशी. चौघांत मी एकटी बाई, म्हणून गिलीनं मुद्दाम सांगितलं, ब्रिटनमध्ये रॉडवर धरलेल्या सॅमनचा विक्रम बाईच्याच नावावर आहे: जॉर्जिना बॅलंटाइन, टे नदी, ७ ऑक्टोबर १९२२, ६४ पौंड, म्हणजे २९ किलो. शंभर वर्षं होऊन गेली, मोडलेला नाही. आताची गोष्ट वेगळी. २०२३ च्या डिसेंबरात आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेनं ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन धोक्यातल्या प्रजातींत टाकला. बाकी तिघांना दिवसभरात एकही लागला नाही, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

तीनच्या सुमारास पुन्हा ओढ. या वेळी हात अक्षरशः पोटाशी दाबून धरले. लागला! चार-पाच मिनिटं रॉड वाकलेला, मी किंचाळतेय, गिली जाळं घेऊन पाण्यात. वर आली ती लांबलचक, बारीक, डोकं अंगापेक्षा मोठं वाटणारी मादी, शेपटी झिजलेली. "केल्ट," तो म्हणाला. गेल्या हिवाळ्यात अंडी घालून समुद्राकडे परत निघालेली. जाणकार केल्टला मासा म्हणून मोजतच नाहीत, आणि मालकाची परवानगी असली तरी ती ठेवणं बेकायदा. मी मात्र बघत राहिले. नदी हे तिचं माहेर. बाळंतपणाला आली, ते उरकलं, हाडाची काडं झाली, आता सासरी समुद्राला चाललीय, आणि वाटेत मी. जाळ्यातच, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला. गिलीनं तिचं तोंड प्रवाहाकडे धरून माझा हात शेपटीच्या देठाशी ठेवला. खडबडीत, बर्फासारखं गार, आणि आत हळूहळू जोर येतोय हे बोटांना कळत होतं. मग एकदम झटका, माझ्या चष्म्यावर पाणी, गेली.

आईला मी एवढंच सांगितलं, की एक बाळंतीण भेटली.

जावं का? मासा हवा असेल तर जाऊ नका, ॲबर्डीनच्या बाजारात मिळतो. शिकायचं असेल तर जा, पण बुकिंग करताना गिली सोबत असणार का हे विचारून घ्या, काही स्वस्त तिकिटांत तो नसतो. एप्रिलच घ्या, फेब्रुवारीत रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. आणि वेडर कुणाकडून तरी उसने आणा, नाहीतर लोकरीचे मोजे दोन जोड जास्त ठेवा. डावे तरी.