स्टेंट की बायपास? लकव्याची भीती असणाऱ्यांसाठी

आमच्या घरात दोन्ही झालंय. दादाला तीन वर्षांमागं दोन स्टेंट (हृदयाची तुंबलेली नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसले, माझं गेल्या वर्षी बायपास (छाती उघडून ब्लॉकला वळसा घालणारी नळी जोडायचं ऑपरेशन) झालं, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेआधी आठ दिवस, ऊस अजून निम्मा फडातच होता. त्यामुळं पाव्हण्यात कुणाची अँजिओ झाली की रिपोर्ट घेऊन आधी आमच्याकडं येतात, किती नळ्या ब्लॉक आहेत ते सांगून झालं की आवाज बारीक करून विचारतात, "पण लकवा बिकवा मारत नाही न्हवं?" आमच्या थोरल्या चुलत्यांना पाच वर्षं ओसरीवर पडलेलं सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा मरणापेक्षा त्याचीच भीती जास्त.

तर आधी लकव्याचंच. २०१८ साली स्टेंट आणि बायपासची तुलना करणाऱ्या ११ ट्रायल (पेशंटवरचे अभ्यास), मिळून ११,५१८ पेशंट, यांचा हिशेब एकत्र मांडून छापला गेला. पहिल्या ३० दिवसांत स्टेंटवाल्यांपैकी ०.४ टक्के लोकांना स्ट्रोक, म्हणजे लकवा, आला, बायपासवाल्यांपैकी १.१ टक्के. पण तिथनं पुढं पाच वर्षांपर्यंत धरलं तर २.२ आणि २.१, म्हणजे फरक नाहीच म्हणा. ऊसतोड टोळीला उचल देतो तसं आहे बघा, बायपासला जे काय मोजायचं ते सुरवातीलाच मोजावं लागतंय. कारण ऑपरेशनात महाधमनीला, म्हणजे हृदयातनं निघणाऱ्या मोठ्या नळीला, हात लागतो, तिथं चुना साठला असेल तर एखादा कण सुटून मेंदूकडं जाऊ शकतो. मेंदूकडं जाणाऱ्या मानेच्या नळ्याच अरुंद असल्या तरी जोखीम वाढते, म्हणून त्यांची डॉपलर (सोनोग्राफीसारखी तपासणी) आधी करून घेतात, ती केली नसेल तर आपण होऊन विचारा, लाजू नका.

शुगरवाल्यांनी मात्र जरा थांबा. त्याच हिशेबात डायबेटिस असलेल्यांचे पाच वर्षांचे आकडे स्टेंटला २.६ टक्के आणि बायपासला ४.९ असे आहेत. शुगर नसलेल्यांत तो फरक दिसत नाही. माझी शुगर चौदा वर्षांची, म्हणजे नुसत्या लकव्यावर ठरवायचं तर मी स्टेंटच घ्यायला पाहिजे होता, हे कबूल. पण २०१२ ची फ्रीडम नावाची ट्रायल आहे, १,९०० शुगरवाले, सगळ्यांच्या एकापेक्षा जास्त नळ्या ब्लॉक, त्यात पाच वर्षांत स्टेंटवाले १६.३ टक्के वारले आणि बायपासवाले १०.९. आता ते स्टेंट तेव्हाचे, आजचे त्याहून चांगले आहेत, तेही धरून चाला.

पण खरं सांगू का, माझं या आकड्यांवर नाही ठरलं, दादाच्या दाढेवर ठरलं.

स्टेंटनंतर त्याला रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, वर्षभर, एक दिवस चुकवायच्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात दाढ सुजली. दाताचा डॉक्टर म्हणतोय हार्टवाल्याची चिठ्ठी आणा, हार्टवाल्याकडं अर्धा दिवस बसून चिठ्ठी आणली तर तिच्यात लिहिलेलं गोळ्या बंद करू नका, ते वाचून दाताच्या डॉक्टरनं हात वर केले आणि म्हणाला मोठ्या दवाखान्यात जावा. असे चार महिने गेले. दादा लवंग धरून एका बाजूनं चावतोय, भाकरी दुधात कुस्करून खातोय आणि चिडचिड सगळी वैनीवर. शेवटी कुणाला न सांगता यानं तीन दिवस गोळ्याच बंद केल्या, म्हटलं आता दाढ काढतील. वैनीनं पाकिटातल्या गोळ्या मोजल्या म्हणून कळलं. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर सरळ अॅटॅक, डॉक्टर जे बोलले ते इथं लिहीत नाही. मग दुसऱ्या एका दाताच्या डॉक्टरनं गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली, तासभर बोळा दाबून धरला, झालं. चार महिन्यांची लवंग फुकट.

त्यात उसाचं पान. पाचटानं हात कापणं आम्हाला नवीन नाही, पण दादाच्या हाताला नुसतं घासलं तरी निळा डाग, शर्टाच्या बाहीला रक्ताचे ठिपके. आणि माझ्या बायपासाआधीच्या दिवाळीत त्याच्या परत छातीत दुखलं, दुसऱ्याच नळीत ब्लॉक, तिसरा स्टेंट, गोळ्यांचं वर्ष पुन्हा पहिल्यापासनं. माझी वेळ आली तेव्हा मी दादाचे हात बघितले आणि बायपास सांगून टाकलं.

आता बायपास म्हणजे लई सुखाचं असं नाही. जोखमीचा कागद इंग्लिश आणि कन्नडात, आमचं कन्नड बसच्या बोर्डापुरतं, पोरीनं वाचून मराठीत सांगितलं आणि स्ट्रोकचं वाक्य आलं तशी बायको उठून बाहेर गेली. तिसऱ्या रात्री छातीत कबुतर फडफडल्यागत झालं, ठोके वेडेवाकडे. बायपासनंतर चारात एकाला तरी असं होतंय म्हणे. पण ते हसण्यावारी न्यायचं नाही, तशा ठोक्यांत हृदयातच गुठळी होऊन मेंदूकडं जाऊ शकते, म्हणून मलाही काही आठवडे जादाची गोळी होती. बायपाससाठी पायातनं नळी काढली, ती जखम महिनाभर चिघळत राहिली, खोकला आला की उशी छातीला आवळून धरायची. अॅस्पिरिन तर जन्माची आहेच. दादासारखी रक्त पातळ करायची दुसरी गोळी मला वर्षभर लागली नाही एवढंच, पण अॅटॅक येऊन बायपास झालेल्यांना बऱ्याचदा दोन्ही देतात, तेव्हा माझ्यावरनं तुमचं धरू नका.

एकच नळी असेल, वय फार असेल, मानेच्या नळ्या खराब असतील किंवा आधी एकदा लकवा येऊन गेला असेल तर मी पण स्टेंटकडंच बघितलं असतं. अॅटॅक चालू असताना तर हा वादच नको, जी नळी बंद आहे ती आधी उघडून घ्या. खर्चाचं प्रत्येकाचं वेगळं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना (सरकारी मोफत उपचारांची) जाहीर केली, आपलं गाव त्यात बसतंय का आणि तो दवाखाना ती घेतो का, हे अॅडमिट व्हायच्या आधी विचारून घ्या.

पुढच्या वर्षांत लकवा कुणाला गाठतो ते बरंचसं बीपीवर आहे, आणि आमच्या निपाणी भागात तंबाखूवर, मिश्री पण त्यातच आली. मी बीपीचं मशीन घरात आणलंय, लोणचं बंद केलंय (चोरून एखादी फोड). तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की घरात पाणी पाजत बसायचं नाही, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतंय. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, सीटी स्कॅन जिथं आधी मिळेल तिकडं गाडी घाला.

दादा मात्र अजून म्हणतोय त्याचंच बरं झालं, दुसऱ्या दिवशी घरी, छातीवर टाका नाही. असेल पण. म्हणतोय ते भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून.